साहेब परदेशात आहेत

माझी धाकटी बहीण बेलीफ आहे. म्हणजे कोर्टाचे कागद लोकांच्या घरी नेऊन त्यांच्या हातात ठेवणारी बाई. कुणाला समन्स, कुणाला नोटीस, कुणाला घर खाली करायचा हुकूम. जन्मात एकदाही ती कुणाच्या दारात चांगली बातमी घेऊन गेलेली नाही आणि त्याचं तिला काही वाटतही नाही. मला मात्र वाटतं. मी तिच्याबरोबर एका घरात राहते, आणि जिन्यात शेजारीण भेटली की माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी हाताकडे बघते, हिनंही काही आणलंय की काय म्हणून.

कोर्टात तिला घोरपड म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला माहीत आहे. एकदा दाराला चिकटली की सुटायचं नाव नाही. बाकीचे बेलीफ काय, फुलवाल्याचं सोंग घेतात, मीटर तपासायला आलोय म्हणतात, दार किलकिलं झालं की कागद कोंबतात आणि पळतात. हिला ते चालत नाही. ही बेल वाजवणार, दोन पावलं मागे सरकणार आणि खणखणीत आवाजात सांगणार, मी कोर्टाकडून आले आहे, तुमच्या नावाचं पाकीट आहे. झालं, दार धाडकन बंद. मग ही तिथेच उभी, पर्स पोटाशी धरून. लोक वरून पाणी ओततात, कुत्री सोडतात, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. ही ढिम्म. शेवटी वैतागून का होईना, माणूस बाहेर येतो.

आणि नुसता कागद देऊन मोकळी होईल तर ती कसली. आत काय आहे ते आधी समजावून सांगते आणि मग विचारते, "आता तुमच्या शब्दांत सांगा, हे काय आहे?" माणूस स्वतःच्या तोंडानं म्हणाला पाहिजे की माझ्यावर अमुक दावा आहे, अमुक दिवशी मला जायचंय. तो जे बोलेल ते शब्दाला शब्द रिपोर्टात उतरवते. कळलंच नाही असं दिसलं तर 'समजले नाही' असं लिहून पाकीट परत घेऊन येते. हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. नाझर, म्हणजे सगळ्या बेलिफांवरचा साहेब, तिला कितीदा म्हणाला असेल, बाई, कागद द्या आणि या, शाळा कसली घेताय. ती हो म्हणते आणि पुन्हा तेच करते.

आमच्या मामाच्या घराचा कागदही तिनंच नेला. मामा कुणाला तरी जामीन राहिला होता आणि त्यापायी राहतं घर घालवून बसला. नात्यातला कागद दुसऱ्या बेलिफाकडे देता येतो. हिनं दिला नाही. का, तर दुसरा गेला असता आणि गल्लीत उभं राहून ओरडला असता. म्हणून ही गेली, मामाच्या कॉटवर बसली, सगळं समजावून सांगितलं आणि वर विचारलं, "मामा, आता तुमच्या शब्दांत सांगा." मामा म्हणाला, "माझी भाची मला घराबाहेर काढतेय, हे आहे ते." तिनं तसंच्या तसं लिहिलं आणि त्याच्याकडून सही घेतली. तेव्हापासून आमच्याकडे कुणी येत नाही. मामी रस्त्यात दिसली तर थुंकते. हिच्यावर थुंकली तर मी समजू शकते, पण ती माझ्यावरही थुंकते.

मी हिच्याकडे राहते ती काही प्रेमापोटी नव्हे. नवरा गेल्यावर मला दुसरीकडे जागा नव्हती एवढंच. ती सकाळी तिच्या पाकिटांबरोबर जाते, मी माझ्या कामावर.

माझं काम म्हणजे एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल. शहराच्या वरच्या अंगाला, उंच भिंतीआडचं घर. मी त्यांना आजी म्हणायचे. ऐंशीच्या पुढच्या, पायांत जोर नव्हता, पण जीभ शाबूत. चहा पांचट झाला की कप न बोलता खिडकीच्या कठड्यावर ठेवून द्यायच्या, की मी समजायचं. रेडिओवर बातम्या सांगणारा अडखळला की मोठ्यानं त्याचं वाक्य दुरुस्त करायच्या. मला "अगं ए" एवढंच म्हणायच्या, पण माझा नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा याच बाईनं स्वतःचा डॉक्टर आमच्याकडे पाठवला होता. नवरा गेला त्या दिवशी चालता येत नसताना गाडीत बसून आमच्या तेव्हाच्या इमारतीपर्यंत आल्या. जिना चढवेना, तर खाली गाडीतच बसून राहिल्या, सगळं आटोपेपर्यंत. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला या बाईचा लळा लागला होता, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

त्यांचा मुलगा, म्हणजे साहेब, वरच्या मजल्यावर राहायचा. पन्नाशी उलटलेला, गुळगुळीत गालांचा माणूस. समुद्रापलीकडे कुठे तरी त्यांच्या कंपनीचा कपडे शिवायचा कारखाना होता. फाटकाशी कुणीही आलं की वॉचमन पाठ केल्यासारखं म्हणायचा, साहेब परदेशात आहेत. आणि त्याच वेळी परदेशातले साहेब वर पळायच्या मशीनवर धापा टाकत असायचे. मागच्या गच्चीत त्यांचे मोजे वाळत असायचे. मोठ्या लोकांच्या भानगडी, आपल्याला काय करायचंय, म्हणून मी कधी चकार शब्द काढला नाही.

एका संध्याकाळी धाकटी जेवायला बसली, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "ताई, तुझ्या त्या घराची दोन पाकिटं माझ्याकडे आलीत."

तिनं मग जेवता जेवता सांगितलं. तिकडच्या कारखान्यात आग लागली होती. मागचं दार बाहेरून बंद होतं. आत शिवणकाम करणाऱ्या बायका होत्या, त्यांतल्या बऱ्याच आतच गेल्या. त्यांच्या घरच्यांनी तिकडच्या कोर्टात कंपनीवर आणि तिच्या दोन संचालकांवर दावा लावला होता. संचालक राहतात इकडे, म्हणून तिकडच्या कोर्टानं इकडच्या कोर्टाला सांगितलं, आमचे कागद त्यांच्या हातात पोचवा. मुदतीत पोचले तर दावा उभा राहणार. नाही पोचले तर या दोघांपुरता मिटला. कंपनी तर आधीच रिकामी करून ठेवलेली, तिच्याकडून घ्यायला काही उरलेलं नव्हतं.

"एक साहेबाचं," मी म्हटलं. "दुसरं कुणाचं?"

"त्याच्या आईचं."

मी ताट उचललं आणि मोरीत आदळलं. ती शांतपणे म्हणाली, "मी नाझरला सांगितलं, माझी बहीण तिथे कामाला आहे, दुसऱ्या कुणाला द्या. तो म्हणाला, दुसरे सगळे त्या फाटकावरून हात हलवत परत आलेत. तूच जा."

दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी उभी. मी वरून, आजींच्या खिडकीतून बघत होते. वॉचमननं पाठ म्हटला, साहेब परदेशात आहेत, बाईसाहेब आजारी आहेत. ही हलेना. तेव्हा त्यानं कुत्रं सोडलं. कुत्र्यानं तिच्या कोटाचं टोक धरून पार काखेपर्यंत फाडलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मामीला ते बघायला मिळायला हवं होतं असंही वाटलं.

संध्याकाळी ती कोट शिवत बसली होती. सुईत दोरा ओवता ओवता तिनं विचारलं, "तो घरात असतो ना?"

"तुझं काम तू कर. मला कशाला विचारतेस?"

"हो किंवा नाही, एवढंच."

"एवढंच नाही ते," मी म्हटलं. मग मी सुटलेच. "त्या म्हातारीनं काय घोडं मारलंय तुझं? तिच्या पोरानं तिच्यापुढे कागद सरकवले, तिनं सह्या केल्या. तिला काय माहीत कुठलं दार आणि कुठली आग. तिला वगळ. लिही की सापडल्या नाहीत."

"मी खोटा रिपोर्ट लिहीत नाही."

"मामाच्या वेळीही हेच म्हणालीस. काय मिळालं तुला? कुत्रं विचारत नाही आपल्याला."

तिनं फाटलेल्या कोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "कुत्रं तरी विचारतं." तिला वाटलं मी हसेन. मी दिवा बंद करून आत गेले आणि तिला अंधारात शिवत ठेवलं. नंतर बरेच दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मी माझ्यापुरता चहा करायचे, ती तिच्यापुरता.

मधल्या काळात ती रोज फाटकाशी येत होती. वॉचमन तिला शिव्या द्यायचा, ती ऐकून घ्यायची. समोरच्या घरातल्या बाईनं तिला खुर्ची दिली तर तिनं ती घेतली नाही. मुदत जवळ येत चालली आणि मला वाटलं, सुटलो.

मग एक दिवस साहेबानं मला वर बोलावलं. या घरात इतकी वर्षं, पण त्याच्या खोलीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यानं मला बसायला सांगितलं. तेव्हाच मी ओळखलं, काही तरी काळंबेरं आहे.

"मावशी," तो म्हणाला, "फाटकावरची ती बाई तुमची बहीण म्हणे."

मी मान हलवली.

"हे मला तुमच्या तोंडून कळायला हवं होतं. असो. तिला उद्या आत बोलवा. आईच्या नावाचं पाकीट आहे ना, ते आईला घेऊ दे."

"आणि तुमचं?"

"मी कुठे आहे इथे?" तो हसला. "हे बघा, कंपनीत पहिली सही आईची आहे. तिकडच्या लोकांना कुणाचं तरी नाव हवंय. मिळू दे त्यांना. या वयाच्या बाईला कोण हात लावतं? माझं पाकीट मुदत संपली की आल्या वाटेनं परत जाईल. तुमची नोकरी आहे तशी राहील. कुणाचंच काही बिघडत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडातून मात्र "बरं" एवढंच निघालं. ज्या बाईनं याला जन्म दिला तिला हा ढाल करून पुढे उभी करणार, आणि वरून मलाच सांगणार, तूच दार उघड.

घरी आल्या आल्या मी चप्पलही न काढता धाकटीला म्हणाले, "आहे. वर आहे. दिवसभर वरच असतो. त्याला धर. पण आजीला देऊ नकोस."

"दोन नावं आहेत. दोन्ही द्यावी लागतील."

"मग मी काही बोललेच नाही असं समज."

"ताई, ऐकलेलं मी विसरू कसं?"

"अगं, त्यांना काही कळत नाही गं," मी म्हटलं. हे साफ खोटं होतं, पण माझ्या तोंडून गेलं.

ती म्हणाली, "तसं असेल तर मी तसं लिहीन. न कळणाऱ्याला मी देत नाही, तुला माहीत आहे."

आणि तिथे मला वाट सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींना खिडकीशी बसवलं, केस विंचरले आणि कानाशी वाकून सांगितलं, "आज एक बाई येईल. ती काहीही विचारो, तुम्ही बोलायचं नाही. नुसतं बाहेर बघत बसायचं. काहीच कळत नाही असं दाखवायचं."

"का? कशाचं आहे?"

"त्या कारखान्याचं. तुमच्या मुलानं तुमच्या सह्या घेऊन घोळ करून ठेवलाय. तुम्ही त्यात पडू नका."

"हं," आजी म्हणाल्या. त्या 'हं'कडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

त्या दिवशी फाटक आपोआप उघडलं. कुत्रं बांधलेलं. वॉचमन तर धाकटीला या, या म्हणत आत घेऊन आला, कालपर्यंत हाच तिची आईबहीण काढत होता. ती आजींच्या खोलीत आली. माझ्याकडे तिनं अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही इथे थांबलात तरी चालेल." बाई म्हणाली, सख्ख्या बहिणीला. मी आजींच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि खुर्चीची पाठ घट्ट धरली.

तिनं स्टूल ओढलं, आजींच्या समोर बसली आणि सगळं सांगितलं. कुठलं कोर्ट, कुठला कारखाना, आग कशी लागली, कुठलं दार बंद होतं, त्या बायकांच्या घरच्यांचं म्हणणं काय, आजींनी कधी आणि कसं उत्तर द्यायचं. आवाज ना वर ना खाली. शेवटी तिनं पाकीट आजींच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "आता तुमच्या शब्दांत सांगा. हे काय आहे?"

आजी खिडकीबाहेर बघत होत्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, बघत राहा, तशाच बघत राहा. धाकटी थांबली. तिला थांबण्याची सवयच आहे. बाहेर माळी पानं गोळा करत होता त्याचा आवाज येत होता.

शेवटी धाकटीनं पाकीट परत उचललं. "ठीक आहे," ती म्हणाली. "समजले नाही, असं लिहिते." मी डोळे मिटले. वाचलो, असं वाटलं.

"कुणाला समजलं नाही?"

आजींनी तोंड वळवलं होतं. रेडिओवरच्या माणसाची चूक काढताना जो चेहरा व्हायचा तोच.

"आजी," मी म्हटलं, "राहू द्या."

"तू गप गं. मला वेडी ठरवून जायला निघालीय ही." मग त्या धाकटीकडे वळल्या. "लिही. मागच्या दारानं कापडाचे तागे चोरीला जायचे. दर आठवड्याला. मी याला म्हटलं, बाहेरून कुलूप घाल. तो म्हणाला, आई, तिकडे तसं चालत नाही, तपासायला येतात. मी म्हटलं, तपासणारे आपलं कापड भरून देणार आहेत का? घाल म्हटलं ना. त्यानं घातलं. माझा शब्द तो मोडत नाही. मग आग लागली. त्यावरून आता हे सगळं चाललंय. समजलं की नाही मला?"

धाकटी लिहीत होती. लिहून झाल्यावर तिनं ते वाचून दाखवलं. आजींनी नीट कान देऊन ऐकलं.

"दर आठवड्याला नव्हे," त्या म्हणाल्या. "महिन्यातून एकदा. खोटं कशाला लिहायचं."

मला खुर्चीची पाठ सोडवेना. मी यांना गरीब बिचारी म्हणत होते. यांच्यासाठी मी माझ्या बहिणीला नाही नाही ते बोलले होते. आणि या बाईला तागे महिन्याला गेले की आठवड्याला, एवढ्याच चुकीचं वाईट वाटलं होतं.

धाकटीनं दुसरं पाकीट काढलं. "हे तुमच्या मुलाचं आहे. ते कुठे आहेत?"

"वर आहे. कुठे असणार?" आजींनी मान उंचावली आणि हाक मारली, "बाळ, खाली ये जरा."

साहेबाला वाटलं असेल, बाई गेली, काम झालं. किंवा काही वाटलंच नसेल. या घरात आजींनी हाक मारली की तो यायचा, मी असल्यापासून मी तेच बघत आले होते. जिन्यावर सपातांचा आवाज आला आणि साहेब दारात उभा राहिला. धाकटीला बघून त्यानं पटकन दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मी परदेशात आहे," तो म्हणाला.

बाई गं, खरंच तसं म्हणाला. दुसरी कुणी असती तर हसून लोळली असती. धाकटीच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "हे कोण?" तिनं आजींना विचारलं.

"माझा मुलगा. दुसरा कोण असणार?"

धाकटीनं पाकीट त्याच्या समोरच्या टेबलावर ठेवलं. हात मागे घेतले तरी बजावणी होते, समोर ठेवून सांगितलं की पुरे, हे तिनं त्यालाही सांगितलं. मग आजी जे बोलल्या होत्या ते वाचून दाखवलं, आपलं नेहमीसारखं, सरळ. साहेबाच्या गुळगुळीत गालांचा रंग गेला.

"हे काय लिहिलंय?" तो म्हणाला. "आईला काही कळत नाही. तिला सकाळचं दुपारी आठवत नाही. ती काहीही बरळते. या मावशींना विचारा, दिवसभर हिच्याजवळ असतात. मावशी, सांगा यांना."

काल हाच मला सांगत होता, आईला घेऊ दे. आज त्याच आईला वेडी ठरवायला निघाला होता.

धाकटीनं पेन वर उचलून माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही यांची देखभाल करता. मला लिहावं लागेल. यांना समजतं का?"

एक शब्द बोलायचा होता. नाही म्हटलं असतं तर आजी सुटल्या असत्या. त्यांचं बोलणं बरळणं ठरलं असतं, त्यांचं पाकीट परत गेलं असतं. माझी नोकरी राहिली असती. इतके दिवस मला हेच तर हवं होतं. आजी मान वळवून माझ्याकडे बघत होत्या. त्या डोळ्यांत विनंती वगैरे काही नव्हती. सांग तर बघू, असं काही तरी होतं.

मला त्या वेळी तिकडच्या बायका आठवल्या असं सांगायला बरं वाटलं असतं. नाही आठवल्या. मला नवरा गेला तेव्हा आमच्या इमारतीखाली उभी असलेली आजींची गाडी आठवली आणि असा राग आला की बस. मला या म्हातारीनं असं फसवायला नको होतं. दुष्ट होती तर माझ्याशीही दुष्ट वागायला हवं होतं.

"सगळं कळतं त्यांना," मी म्हटलं. "लहानपणापासूनचं आठवतं आणि कालचंही आठवतं. कधीच बरळत नाहीत. लिही."

मी खरं बोलले, पण सूड म्हणून बोलले. आजींनी मात्र समाधानानं मान हलवली, मी त्यांचं कौतुक केल्यासारखी.

"चालत्या व्हा," साहेब मला म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"ती कुठे जात नाही," आजी म्हणाल्या. "मला सकाळी उठवणार कोण? तू?"

तो पाकीट तसंच टाकून वर निघून गेला. धाकटीनं त्याचं 'मी परदेशात आहे' तसंच्या तसं उतरवलं, तारीख घातली, आजींची सही घेतली, माझीही घेतली आणि पर्स पोटाशी धरून फाटकाबाहेर पडली. मी संध्याकाळपर्यंत तिथेच होते. आजींना वेळेवर जेवायला दिलं. त्या जेवल्या, मीठ कमी आहे म्हणाल्या.

घरी गेले तेव्हा धाकटीनं दोघींचा चहा केला होता. कप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "ताई, तू आज..."

"गप बस," मी म्हटलं. "तू विचारलं नसतंस तर म्हातारी बोलली नसती."

"मी सगळ्यांनाच विचारते."

"तेच तर. मामाला विचारलंस, हिला विचारलंस. लोकांना स्वतःच्या तोंडानं बोलायला लावतेस आणि मग तू मोकळी होतेस. आम्ही बसायचं ते घेऊन."

तिचे डोळे भरले होते, बहुतेक. मी मुद्दाम बघितलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या तिथे जाऊ नकोस. मी आहे ना, भागेल आपलं."

"मी कुठे जायचं ते तू मला सांगू नकोस."

आणि मी गेले. का गेले ते मलाही धड सांगता येणार नाही. राग होता म्हणूनच गेले असेन, घरी बसून तो कुणावर काढणार होते. वॉचमननं न बोलता फाटक उघडलं. आजी जाग्या होत्या, माझी वाट बघत. मी त्यांना उठवलं, न्हाणीघरात नेलं, स्टुलावर बसवलं, पाणी बेताचं गरम आहे ना ते कोपरानं बघितलं आणि साबण लावून त्यांची पाठ चोळायला लागले. पाठ केवढीशी, हाडांची. माझा हात नेहमीपेक्षा जोरात चालला होता.

"हळू गं," त्या म्हणाल्या.

मी हळू केलं नाही, आणि त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.